मोठ्याने केलेली प्रार्थना

स्तोत्राच्या तिसऱ्या ओळीपाशी तिच्या लक्षात आले, की मुलगी जे वाचते आहे ते पानावर नाही. ती मुलीच्या खुर्चीमागे उभी होती, हातात अर्धवट सोललेला बटाटा होता, आणि टेबलावर पवित्र शास्त्राची, बायबलची नवी प्रत उघडी होती, नव्या भाषांतराची. पाळकबाईंनी ती कालच देवळातून पाठवली होती. त्या प्रतीला अजून डिंकाचा वास येत होता आणि पाने एकमेकांना चिकटून बसत होती. "रविवारच्या पालकसभेत टिटवीनं यातूनच वाचावं," असा सोबत निरोप होता, "भाषा सोपी आहे, आपल्या रोजच्या बोलण्यातली." भाषा खरोखरच सोपी होती. पण मुलीच्या तोंडून येत होती ती जुन्या प्रतीतली, लांब श्वासाची, ताठ पाठीची वाक्ये, जी या घरात रोज सकाळी म्हटली जात होती आणि या पानावर कुठेच नव्हती. मुलीचे बोट ओळीखालून बेताने सरकत होते, ओळ संपली की खालच्या ओळीवर उतरत होते. डोळे बोटाबरोबर होते. आवाज नेहमीचाच, घरभर घुमणारा, ज्याच्यावरून बापाने तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली होती. बोट एका पुस्तकात होते आणि आवाज दुसऱ्या. स्तोत्र संपले तेव्हा बोट पानाच्या मध्यावर, एका शब्दाच्या पोटात थांबलेले होते. "छान," ती म्हणाली. शब्द सवयीने बाहेर पडला होता, आणि तो बाहेर पडल्यावर तिला हातातल्या बटाट्याचा थंडपणा एकदम जाणवला, जणू तो आत्ताच कुणीतरी हातात ठेवला होता.

लग्नाआधी आणि लग्नानंतरही बरीच वर्षे ती रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर भिंगाखाली काचपट्टी, काचपट्टीवर रक्ताचा पसरलेला थेंब, आणि त्या थेंबातली गर्दी. तिथला मुख्य तंत्रज्ञ नव्या मुलींना पहिल्याच दिवशी बजावत असे, की रुग्णाच्या आजाराबद्दल आधी वाचू नका. आजार ठाऊक असला की काचेवर तोच दिसायला लागतो. ही गोष्ट ती विसरली नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी ती आठवावी लागेल असे मात्र तिला कधी वाटले नव्हते. बटाटा ओट्यावर ठेवून, हात पुसून, तिने पुस्तकाची पाने उलटली आणि जिथे नुसती माणसांची वंशावळ आहे असे एक पान काढले. कुटुंबाच्या प्रार्थनेत ते कधीच वाचले जात नसे. "हे वाच बघू."

"हे आपण घेतलंच नाहीये."

"नाही घेतलं. म्हणूनच वाच."

"आधी तू वाच ना एकदा. मग मी."

हे वाक्य तिने किती वेळा ऐकले होते, आणि ऐकून किती वेळा समाधान मानले होते. मोठ्यांनी आधी, लहानांनी मागाहून. असा नम्रपणा शाळेत शिकवून येतो थोडाच, असेही तिने कुणाला तरी सांगितले होते. "आज तू आधी," ती म्हणाली. मुलीने बोट पहिल्या अक्षराखाली ठेवले. नळातून पाणी ठिबकत होते. मुलीच्या वरच्या ओठावर घाम आला, मग कानाची पाळी लाल झाली, मग बोट हलायला लागले, पण ओळीच्या दिशेने नव्हे, जागच्या जागी. "डोकं दुखतंय," मुलगी म्हणाली. आणि थोड्या वेळाने, अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात, "भूकही लागली आहे." तिने पुस्तक मिटले. "जा," ती म्हणाली, "बाहेर बस जरा." मुलगी गेली तेव्हा खुर्ची मागे सरकल्याचा आवाजही झाला नाही, इतक्या जपून ती उठली होती. एवढ्याशा मुलीला इतके जपून उठायला कुणी शिकवले, हा प्रश्न तिला पडला, आणि उत्तर शोधायला घराबाहेर जावे लागणार नव्हते.

शाळेत असताना मुलगी वर्गाच्या दारापाशी उभी असे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी दारापाशी उभे राहायचे अशी तिथल्या बाईंची रीत होती, आणि बाकीची मुले त्यांना 'दारवाले' म्हणत. पुढे पुढे दारापाशी ही एकटीच उरली. मग एक दिवस ती ओल्या फ्रॉकने घरी आली, दुसऱ्या दिवशीही आली. खूप विचारल्यावर कळले, की मुलींच्या आणि मुलांच्या शौचालयांवर चित्रे नाहीत, नुसते शब्द रंगवले आहेत. एकदा ती चुकीच्या दारातून आत गेली होती आणि हसू झाले होते. तेव्हापासून ती घरी येईपर्यंत कळ काढत असे. त्या संध्याकाळी नवऱ्याने फ्रॉक स्वतः धुतला, पिळला, झटकला आणि मग म्हणाला, "काढू या हिला तिथून." देवळात पाळकसाहेब नेहमी सांगत, की लेकरू ही आईबापांकडे सोपवलेली ठेव आहे, मंडळीतल्या काही घरांत मुले घरीच शिकत होती, आणि त्या घरांकडे लोक जरा मान वर करून बघत. तिने प्रयोगशाळा सोडली. पांढरा कोट कापून त्याची फडकी केली. नवऱ्याची थोरली बहीण एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती, ती फोनवर म्हणाली, "देवाच्या शाळेला सुट्टी नसते ते ठाऊक आहे गं मला. पण निकाल तरी लागतो का?" ती हसली होती. वन्संच्या बोलण्याला हसायचे असते. पण ते वाक्य घरात राहायला आले, एखाद्या पाहुण्यासारखे, आणि गेलेच नाही.

पहिल्या वर्षात तिने काय केले नव्हते? कणकेची अक्षरे केली, खरकागदाची कापली, कपाटावर, खिडकीवर, मिठाच्या बरणीवर चिठ्ठ्या डकवल्या. सकाळी आलेले अक्षर दुपारी नसे. दुपारचे संध्याकाळी परके होई. नवरा कामावर गेल्यावर दार लागे आणि त्या दोन खोल्यांत त्या दोघी आणि एक अक्षर एवढेच उरत. घड्याळ चालत राही. शेजारच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येई आणि तिला त्या भांडी घासणाऱ्या बाईचा हेवा वाटे, कारण घासलेले भांडे घासलेलेच राहते. कधी तिचा आवाज चढे. मग तिला त्या दारापाशी उभे करणाऱ्या बाईंचा चेहरा आठवे, जो तिने कधी पाहिलाही नव्हता, आणि तो आपल्यासारखाच दिसतो असे वाटे. मुलांना घरी शिकवणाऱ्या घरांची देवळात महिन्याला पालकसभा असे, तिथे ती जाई, तेव्हा बाकीचे आईबाप तिला धीर देत. थकू नका, म्हणत. पेरणाऱ्याने रोज उकरून बघायचं नसतं. ती घरी येई आणि रोज उकरून बघे. आणि रोज सकाळी, नवरा पायात कामाचे बूट चढवून बसलेला, ती मुलीचा हात हातात घेऊन, डोळे मिटून, मोठ्याने प्रार्थना करी. या घरात प्रार्थना मोठ्यानेच करायची रीत होती; मनातल्या मनात केलेली प्रार्थना तिच्या माहेरी आळशांची समजत. "प्रभू, या लेकराचे डोळे उघड. तिच्या जिभेवर तुझं वचन ठेव. मला हरू देऊ नकोस." शेवटच्या वाक्यापाशी तिचा आवाज फुटे. आमेन म्हणून डोळे उघडले की कधी कधी दिसे, की मुलीचे डोळे मिटलेलेच नव्हते.

आणि मग ती सकाळ. काही वेगळे नव्हते तिच्यात, दूध जरा उतू गेले होते इतकेच. प्रार्थना झाली, आणि मुलीने आपणहून जुनी प्रत ओढली, पान काढले, बोट ठेवले आणि मेंढपाळाचे स्तोत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. नवरा बुटांसकट जमिनीवरच बसला. ती आधी वन्संना फोन करायला धावली. हे तिला आता आठवले आणि चेहरा तापला. देवाचे आभार मागाहून. त्या रविवारी तिने देवळात उभे राहून साक्ष दिली, कशी आम्ही रोज विनवणी केली, कसे एका सकाळी उत्तर आले, आणि सगळी मंडळी एका घशाने आमेन म्हणाली, आणि पहिल्या बाकावर बसलेली मुलगी पाय हलवायची थांबून, मागे वळून, त्या सगळ्या तोंडांकडे बघत राहिली. किती गोड दिसत होती. तिला तेव्हा तेवढेच दिसले होते.

मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. ती एक पायरी सोडून तिच्या खाली बसली, म्हणजे तोंडे समोरासमोर येणार नाहीत. जिन्यात ओल्या सिमेंटचा वास होता आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होते. ठोके थांबले की बोलायला सोपे जात होते.

"टिटवे, तुला अक्षरं दिसतात का गं नीट?"

"दिसतात की."

"मग?"

"थांबत नाहीत." मुलगी गुडघ्यावरची खपली नखाने उचकत होती. "हा म आहे असं म्हणेस्तोवर तो दुसराच होतो."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं होतं. आधीच. तू म्हणालीस, प्रार्थना करू."

"मग केली ना आपण."

"हो. रोज केली." खिळ्याचे ठोके पडले, थांबले. "तू रोज रडायचीस. बाबा डोळे मिटून बुटाच्या नाड्या चाचपत बसायचे. मला वाटलं, देवाला वेळ नसेल. त्याच्याकडे आजारी माणसं पण असतात ना. मग मीच दिलं."

"काय दिलंस?"

"उत्तर," मुलगी म्हणाली.

तिने पायरीच्या कडेवर हात ठेवला. कडा झिजून गोल झाली होती.

"मग तू देवळात सगळ्यांना सांगून टाकलंस," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट मोठ्या माणसाचा समजूतदारपणा होता, आणि तोच ऐकवत नव्हता. "मग परत कसं घेणार? रविवारी पण मी नीट म्हणीन, आई. सोपं आहे. तू फक्त जुनं पुस्तक दे."

फक्त जुने पुस्तक द्यायचे. रविवारपर्यंत आणि रविवारनंतर. दुपारभर ती घरात वावरली. भांडी घासली, जी घासलेलीच होती. आणि हळूहळू तिच्या ध्यानात येत गेले, की मुलीने या सगळ्या काळात काय केले होते. एका लहान जिवाने रोज सकाळी उठून, भिंतीला टेकून बसलेल्या दोन मोठ्या माणसांना देव असल्याचा पुरावा पुरवला होता. त्यासाठी तिने अध्यायच्या अध्याय कानाने उचलले होते, कुठे थांबायचे, कुठे डोळे वर करायचे, बोट किती वेगाने चालवायचे हे सगळे बसवले होते. एवढे कष्ट तर वाचायला शिकण्यात नसतील. आणि ते ती वाचायला शिकायच्या ऐवजी करत होती. ती दारापाशीच उभी होती अजून. फक्त ते दार आता घराचे होते आणि तिथे उभे राहून हसतमुख दिसायचे होते.

पाळकबाईंचा फोन आला. "तयारी झाली का आमच्या टिटवीची? आणि बरं का, ते नवं जोडपं येणार आहे. त्यांच्या मुलीचंही अगदी तुमच्यासारखंच. तिचं नाव काढलंय त्यांनी शाळेतून, पण पाय लटपटताहेत बिचाऱ्यांचे. तुम्ही दोन शब्द बोललात ना, की त्यांना धीर येईल." बाई भल्या होत्या. तिच्या बाळंतपणात याच बाईंनी रात्रंदिवस तिचे केले होते. "हो," ती म्हणाली, कारण फोनवर दुसरे काही म्हणता येईना.

नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. संध्याकाळी तो हाताचे वंगण धुवायला मोरीत बसला, तेव्हा तिने पाठीमागे उभे राहून त्याला सगळे सांगितले. पाणी वाहत राहिले. "रविवारी सर्दी झाली म्हणून सांग," तो शेवटी म्हणाला.

"आणि पुढच्या?"

"पुढच्या रविवारी खोकला."

दोघेही हसली, आणि हसू मोरीच्या फरशीवर पडून तिथेच राहिले. तो नखांतले वंगण काडीने काढत होता. "लिफ्टमध्ये माणूस अडकला ना," तो म्हणाला, "की आपण बाहेरून विचारतो, आत ठीक आहे का? सगळे म्हणतात ठीक आहे. लहान पोरं तर गाणी म्हणतात. गाणं ऐकू आलं की आम्ही घाई करतो." मग त्याने नळ बंद केला. "मला कधी कधी वाटायचं, गाणंच म्हणतेय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बरी झाली होतीस," तो म्हणाला. "झोपायला लागली होतीस नीट."

यावर रागवावे इतकेही तिच्याकडे काही उरले नव्हते. घरातली दोन माणसे तिला जपत होती, आणि ती मात्र समजत होती की आपण शिकवतो आहोत. ती प्रार्थनेला बसली, एकटीच, आणि तोंड उघडले, तर आवाज फुटेना. आपले शब्द कुणीतरी ऐकते आहे ही आजवर दिलाशाची गोष्ट होती. आता तिला त्याचीच भीती वाटत होती.

रविवारी मुलीने पालकसभेच्या खोलीत यायला नकार दिला. "तू सांग," ती म्हणाली, "पण मी असताना नको." ते तिला बरोबर वाटले. बाप आणि मुलगी देवळाच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसली. आत लोखंडी खुर्च्या, चहाचे पातेले, ओळखीची आठ-दहा घरे. ते नवे जोडपे पुढेच बसले होते; बाई तरुण होती, आणि तिने आपल्या मुलीला, ती मांडीवर मावण्याच्या वयाची नसूनही, मांडीवर घेतले होते. पाळकबाईंनी त्यांना तिची ओळख करून दिली, कौतुकाने, हात तिच्या खांद्यावर ठेवून. "आणि आपली टिटवी कुठाय?"

"ती नाही वाचणार," ती म्हणाली, आणि उभी राहिली. तिने काही ठरवून आणले होते, त्यातले पहिले वाक्यही आठवेना. "मी इथे साक्ष दिली होती. ती खरी नव्हती. खरी नाही हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच. माझ्या मुलीला वाचता येत नाही."

"आमेन," मागून कुणाचे तरी आजोबा म्हणाले, वर्षानुवर्षांच्या सवयीने, प्रत्येक साक्षीच्या शेवटी म्हणत तसे. कुणीतरी हसू दाबले. मग कुणीच हसले नाही.

"ती पाठ म्हणते. मी रोज तिच्यासमोर रडून देवाकडे मागायचे, आणि ती ऐकत होती. देवानं द्यायच्या आधी तिनंच दिलं मला. माझं रडू थांबावं म्हणून." 

तरुण बाई एकदम बोलली. "आम्ही नाव काढलं आमच्या मुलीचं. तुमच्याकडे बघून. आता हे सांगताय?"

"हो."

"मग आम्ही काय करायचं?"

"मला माहीत नाही." ती खोटे बोलत नव्हती. "शाळेत घाला, नाहीतर घरी शिकवा. पण तिला येत नसेल तेव्हा येत नाही म्हणता आलं पाहिजे. माझ्या घरी ते म्हणता येत नव्हतं." तरुण बाईने मांडीवरच्या मुलीचे डोके स्वतःच्या छातीशी दाबले, तिच्या कानावर हात ठेवून, आणि समोर उभ्या असलेल्या तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की तिला ती नजर बराच काळ पुरणार होती. त्या बाईचा नवरा बाईचा हात ओढत होता. "चल," तो म्हणाला, "चहा नको आपल्याला."

ते गेले. पाळकबाईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी दोन्ही हात पसरले. "उभे राहू या सगळे. या लेकरासाठी आत्ताच, एका मुखानं—"

"नको, बाई."

"प्रार्थना नको?" बाईंचे हात हवेतच राहिले. त्यांना लागले होते, आणि ते दिसत होते.

"हवी. आपापल्या घरी करा. दार लावून करा. तिला ऐकू जाईल अशी नको." आणि बाई उभ्याच आहेत हे पाहून तिने ते पसरलेले हात खाली घेतले, एकेक करून, आणि थोडा वेळ धरून ठेवले. बाहेर आल्यावर तिला जाणवले, की आपली पाठ घामाने भिजली आहे आणि कुणीही मागून हाक मारलेली नाही.

नवरा पाव घ्यायला पुढे गेला. त्या दोघी बंद दुकानांच्या रांगेवरून चालत निघाल्या. रविवारचा रस्ता रिकामा होता.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"एक आजोबा आमेन म्हणाले."

मुलगी खळखळून हसली, आणि एकदम थांबली. "देव रागावला असेल?"

"कुणावर?"

"माझ्यावर. मी त्याचं काम केलं ना."

अशा प्रश्नांना तिच्याकडे नेहमी उत्तर असे. एखादे वचन, एखादी गोष्ट. "माहीत नाही," ती म्हणाली. "मला नाही वाटत. पण माहीत नाही."  "उद्या एका बाईंकडे जायचंय," ती पुढे म्हणाली, "अक्षरं थांबत नाहीत अशी मुलं त्या तपासतात. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं सांगितलंय. वेळ लागेल म्हणे. खूप लागेल."

"शाळेत घालणार परत?"

"तेही ठरलेलं नाही."

मुलगी आपणहून थांबली. भांड्यांच्या दुकानाचे शटर ओढलेले होते आणि वर लाल अक्षरांची पाटी होती. मुलीने मान वर केली. तिच्या स्वतःच्या जिभेवर मात्र तो शब्द तयार होता, आयुष्यभर तयारच असायचा. तिने तो दातांमागे दाबून धरला. ऊन पाटीवर पडले होते. मुलीचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"म," मुलगी म्हणाली.

"नाही."

मुलगी पाटीकडे बघायचे सोडून वळली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघू लागली. आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्या, सावकाश, कसून. तिने मुलीवरची नजर हलवली नाही. तिने श्वास सोडला, घेतला, सोडला. मुलगी पुन्हा पाटीकडे वळली.

"घ?"

"तेही नाही," ती म्हणाली, आणि त्या दोघी तिथेच उभ्या राहिल्या.